जिप्सी बुटकी, सैनिक बटू: सिव्हिल किटची फौजी गाडी करताना नेमकं कुठं चुकतं

दर महिन्या-दोन महिन्यांनी एक तरी फोटो येतो. प्लॅस्टिकचं किट जोडून केलेली हिरव्या रंगाची छोटी मॉडेल गाडी, शेजारी बंदूक घेतलेला सैनिक आणि खाली दोन ओळी: "काका, रंग बरोबर आहे, नंबर बरोबर आहे, तरी गाडी खेळण्यातली वाटते. काय चुकलंय?" चूक बहुतेक वेळा रंगात नसते, गंज-चिखल दाखवण्यातही नसते. किट विकत घेतलं त्या दिवशीच ती होऊन गेलेली असते. पुढचे तीन महिने पोरगं त्या चुकीवर मन लावून पॉलिश मारत बसतं.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर असतो आणि "साधारण बसतंय की" हे वाक्य आमच्या खात्यात शिवीसारखं ऐकलं जातं. त्यामुळे इथं जे सांगतोय ते मोजमापाच्या बाजूनं झुकलेलं आहे. रंगाचे उस्ताद दुसरे आहेत.

आजच्या फौजांच्या गाड्या करायच्या म्हटलं की सिव्हिल किटला पर्याय नाही, कारण फौजाच सिव्हिल गाड्या वापरतात. १९८७ च्या चाड-लिबिया लढाईला "टोयोटा वॉर" म्हणतात ते उगाच नाही. आपल्याकडेही जिप्सी, सुमो, सफारी स्टॉर्म, स्कॉर्पिओ, गुरखा या सगळ्या आधी रस्त्यावरच्या आणि मग छावणीतल्या. किट कंपन्या मात्र रणगाडे काढतात १/३५ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे, आणि मोटारी काढतात १/२४ मध्ये. सगळी कटकट इथूनच सुरू होते.

डब्यावरचा आकडा

१/३५ हा आकडा कुणी विचार करून ठरवलेला नाही. टामिया या जपानी किट कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटर लावलेला पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठेवला, तो नंतर मोजल्यावर १/३५ च्या आसपास निघाला. पुढं सगळे त्याच वाटेनं गेले. मोटारींचा १/२४ मात्र फूटपट्टीचा आहे, एका फुटाला अर्धा इंच. अमेरिकी मोटारींची किट १/२५ मध्ये येतात. म्हणजे दोन वेगळ्या गावचे पाहुणे आपण एका पंगतीला बसवतोय.

१७० सेंटीमीटर उंचीचा जवान धरा. १/३५ मध्ये तो ४८.६ मिमी, १/३२ मध्ये ५३, १/२४ मध्ये ७०.८, १/४३ मध्ये ३९.५ आणि १/७२ मध्ये २३.६ मिमी. १/३२ ची गाडी १/३५ च्या जवानाशेजारी ठेवली तर नऊ टक्क्यांचा फरक पडतो. जवान एका कोपऱ्यात आणि गाडी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली तर तो खपतो, पण जवान दाराला हात लावून उभा केला की खपत नाही. १/२४ आणि १/३५ मध्ये लांबीतच शेचाळीस टक्के फरक आहे. तिथं जवान बटू दिसणारच.

मग काय करायचं? एक तर गाडीच्या स्केलचे जवान घ्या. मास्टर बॉक्स या कंपनीनं १/२४ मध्ये पुतळे काढलेत. ते सिव्हिल कपड्यांतले असले तरी अंगाची ठेवण चांगली आहे. पायाला पुट्टीनं बूट चढवले, कॉलर आणि खिसे केले की जवान तयार होतो. नाहीतर गाडी १/३५ मध्येच शोधा. आधी गाडी घ्यायची आणि मग "काहीतरी जमवू" म्हणायचं, हे मात्र नको.

जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या, मागं ओढून सोडायच्या पुलबॅक गाड्यांबद्दल बरेच जण विचारतात. अ‍ॅम्बॅसिडर, सुमो, जिप्सी, लष्करी ट्रक, सगळं मिळतं आणि किमतीनं परवडतंही. त्या स्केलवर नाही, खोक्याच्या मापावर केलेल्या असतात. म्हणून दुकानात जाताना खिशात छोटी पट्टी ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोजा. खऱ्या गाडीच्या व्हीलबेसला त्यानं भागा. जो आकडा येईल तो त्या खेळण्याचा खरा स्केल. अ‍ॅम्बॅसिडरचा व्हीलबेस २४६४ मिमी. खेळण्यात ७० मिमी भरला तर १/३५, झकास. नंतर रुंदीचाही तसाच भागाकार करा. दोन उत्तरं लांबलांब आली तर खेळणं परत ठेवा. लांबी आखडलेली आणि रुंदी तशीच असलेली गाडी कितीही रंगवली तरी फुगलेल्या पुरीसारखी दिसते.

दुकानदार विचारतो, "साहेब, पोरगं किती वर्षांचं?" आपण पट्टी खिशात घालायची आणि "आठ" म्हणायचं.

नाव तेच, गाडी वेगळी

स्केल जमला तरी दुसरा खड्डा आहे. डब्यावर ओळखीचं नाव दिसतं आणि आपण भुलतो.

"मान" या जर्मन ट्रक कंपनीचं नाव वाचून एकानं रेव्हेल कंपनीचं १/३५ चं पाच टनी मान ट्रकचं किट आपल्या फौजेच्या शक्तिमान ट्रकसाठी मागवलं. शक्तिमान हा मानच्याच परवान्यावर जबलपूरला बनला हे खरं, पण तो ४१५ जातीचा, पुढं नाक असलेला ट्रक. रेव्हेलचं किट नंतरच्या पिढीचं आहे, त्याची केबिन सपाट. दोन्हींत सारखं काय असेल तर चाकं गोल आहेत एवढंच. जीपचंही असंच. महिंद्रानं परवान्यावर केलेली सीजे-३बी ही सपाट मडगार्डची आणि उंच बॉनेटची. आतलं हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. एम३८ए१ या अमेरिकी फौजी जीपची मडगार्ड मात्र पुढं गोलाईनं उतरतात. सीजे-३बी करायची असेल तर टामियाची दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप घ्या आणि बॉनेट, जाळी, काच वर उचला. दोन्हींचा व्हीलबेस ८० इंच, तिथं कात्री लावावी लागत नाही.

कधी कधी मापही फसवतं. २०२३ मध्ये आपल्या उत्तर कमांडला हायलक्स पिकअप दिल्या. त्या आठव्या पिढीच्या, २०१५ पासूनच्या. डबल कॅबचा व्हीलबेस ३०८५ मिमी, म्हणजे १/३५ मध्ये ८८ मिमी. पण सातव्या पिढीचाही तेवढाच आहे. पट्टी लावून "बसलं!" म्हणाल आणि नाक जुनंच राहील. तिथं हेडलाइटचा आकार आणि बॉनेटची कड बघा.

जोंगा या फौजी जीपची गोष्ट वेगळी. निसान पॅट्रोलच्या ६० मालिकेवरून जबलपूरला १९६९ ते १९९९ पर्यंत बनलेली ही गाडी. टोयोटाची एफजे४३ एके या कंपनीच्या १/३५ किटमध्ये मिळते. ती लांबून जोंगासारखी वाटते म्हणून पोरं तिच्यावर हात मारतात. लांबूनच बघणार असाल तर करा. माझं मत विचाराल तर पत्रा नव्यानं वाकवण्याएवढं काम करायचंच असेल तर जोंगा सरळ प्लॅस्टिकच्या शीटमधून उभी करा. सपाट पत्र्याची गाडी आहे, हाताला सोपी जाते.

जिप्सीचं शिंगरू

आता मुख्य दुखणं. सर्वात जास्त प्रश्न जिप्सीचे येतात आणि त्यात मीही पडलेलो आहे.

हासेगावा या जपानी कंपनीनं १/२४ मध्ये सुझुकी जिम्नी जेए११ काढली, सुरेख किट आहे. जिप्सी हिच्याच खानदानातली. १९८५ च्या डिसेंबरात मारुतीनं जिप्सी आणली ती एसजे४१० च्या लांब व्हीलबेसच्या आवृत्तीवरून. मी म्हटलं, छप्पर कापलं, हिरवा मारला, झालं. झालीही. दिवाळीत अपशिंग्याचे मामा आले. एएससीत, म्हणजे फौजेच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर होते, पेन्शनीत आलेत. अपशिंगे म्हणजे घरटी फौजी असलेलं गाव, तिथल्या माणसापुढं जिप्सी ठेवताना जरा छाती धडधडतेच. मामांनी ती तळहातावर घेतली, डोळ्यांच्या रेषेत धरली, एक डोळा मिटला आणि मागच्या चाकाच्या पुढं अंगठ्याचं नख टेकवलं.

"आरं, ही जिप्सी न्हाई. जिप्सीचं शिंगरू हाय. हितं मागं मानूस बसतुया, त्येचं गुडघं कुठं जायाचं?"

त्या नखाखाली नेमके चौदा मिलिमीटर कमी होते. जेए११ चा व्हीलबेस २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. फरक ३४५ मिमी, १/२४ मध्ये १४.४ मिमी. लक्षात ठेवायची खूण सांगतो: वीस लिटरच्या फौजी जेरिकॅनची रुंदीही ३४५ मिमीच असते. म्हणजे दार आणि मागचं चाक यांच्यामध्ये एक जेरिकॅन आडवा घुसवायचा, एवढी गाडी लांबवायची.

रुंदीचंही तसंच. जेए११ ही जपानच्या केई नियमातली, म्हणजे छोट्या मोटारींसाठीच्या नियमातली गाडी. त्या काळी केई गाडीला ३.३ मीटर लांबी आणि १.४ मीटर रुंदीच्या आतच राहावं लागे. जेए११ म्हणूनच १३९५ मिमी रुंद आहे. आपली जिप्सी (एमजी४१३डब्ल्यू) १५४० मिमी. १/२४ मध्ये हा फरक सहा मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना तीन-तीन. हे तीन मिलिमीटर मूळ बॉडीत घालायचे नाहीत. ते चाकांवरच्या कमानींत आणि अ‍ॅक्सलमध्ये आहेत. बॉडी मधून उभी चिरून रुंद करायला जाल तर काच, बॉनेट, डॅशबोर्ड, सगळंच बिघडेल.

मामा गेल्यावर मी कोडोलीच्या एका गॅरेजात गेलो. तिथं लिलावातून आलेली फौजी जिप्सी उभी होती, आता निळी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावू देत नाही. त्यामुळे लिलावात गाडी सुटली की पहिलं काम रंगाऱ्याचं. रंगारी पण माणूसच. बॅटरीच्या ट्रेखाली त्याचा हात पोचला नव्हता आणि तिथं तळहाताएवढा मूळ हिरवा शाबूत होता. मी शेजारी पांढरा कागद धरून त्याचा फोटो काढला. कागद पांढरा दिसेपर्यंत मोबाईलमध्ये रंग दुरुस्त केला की हिरवाही खरा दिसतो. मग टेप लावला. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत २३७२. तीन मिलिमीटर गॅरेजच्या उताराला माफ.

तुम्हीही हेच करा. साताऱ्या-सांगलीत जुनी जिप्सी शोधायला फार हिंडावं लागत नाही. टेप, वही, मोबाईल आणि गॅरेजवाल्यासाठी चहा, एवढं पुरतं. मागच्या चाकापासून बंपरपर्यंतचं अंतर, फळकुटाची उंची, हुडाच्या, म्हणजे ताडपत्रीच्या छपराच्या, कमानींमधलं अंतर टिपून घ्या. मागचं ओव्हरहँग, म्हणजे चाकामागचा भाग, हेही जेए११ पेक्षा लांब आहे, ते वेगळं वाढवावं लागतं.

कापायचं कसं: चॅसिस आणि बॉडी एकत्र जोडायच्या आधी, सुट्या असतानाच कापा. बॉडी दाराच्या मागच्या कडेनंतर, चाकाची कमान सुरू व्हायच्या आधी. चॅसिस तिथंच कापायची गरज नाही, उलट दोन सांधे एका रेषेत आले तर गाडी तिथंच मोडते. चॅसिसचा काप पुढं-मागं सरकवा. कापायच्या आधी दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एक लांब आडवी रेघ मारा. जोडताना ही रेघ सरळ आली म्हणजे गाडी सरळ आली. खाली काचेचा तुकडा ठेवा, बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा काटकोनी अँगल. मध्ये १४.४ मिमीचा तुकडा, आतून त्याला आडवी पट्टी आणि चॅसिसच्या दोन्ही रुळांत भोक पाडून पेपरक्लिपची तार. एक रात्र हात लावायचा नाही. पुट्टी दुसऱ्या दिवशी.

आणि खाली बघायला विसरू नका. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. गिअरबॉक्सपासून त्याच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट, तिथून पुढं एक, मागं एक. मागचा शाफ्ट लांबवायचा राहिला तर तो हवेत लटकतो. एकानं फोटो पाठवला होता, वरून गाडी देखणी आणि खालून मागच्या अ‍ॅक्सलचा गावाशी संबंध तुटलेला.

टायरही बघा. जेए११ ला १७५/८० आर१६, जिप्सीला २०५/७० आर१५. बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, १/२४ मध्ये २८.६ आणि २७.८ मिमी. पण जिप्सीची रिम एक मिलिमीटरनं लहान आणि टायर एक मिलिमीटरहून जास्त रुंद. या एका मिलिमीटरनं गाडीचा तोरा बदलतो. किटचीच रिम ठेवायची असेल तर तिच्या कडेला गोल पट्टी चिकटवून ती जाड करा, लांबून फसते. नाहीतर दुसऱ्या किटची पंधरा इंची चाकं.

हुडाला टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल. कमानी पितळी तारेच्या. टिश्यू ओला असताना कमानींच्या मधे बोटानं हलकंच दाबा म्हणजे ताडपत्रीसारखी झोळ येते. फार दाबलं तर मंडप दिसतो.

सफारी स्टॉर्म, स्कॉर्पिओ क्लासिक, फोर्स गुरखा यांच्यासाठी किट शोधत वेळ घालवू नका, थ्रीडी प्रिंट करा. १/२४ ची फाइल १/३५ करायची तर ६८.५७ टक्के. तेवढ्यानं पत्र्याची जाडीही कमी होते हे ध्यानात ठेवा. एक मिलिमीटरची भिंत ०.६९ होते आणि खिडकीच्या खांबाला तडा जातो. आधी फाइलमध्ये भिंत जाड करा.

स्टिअरिंग डावीकडं आलंय

अमेरिकी आणि बरीच युरोपी किट डाव्या स्टिअरिंगची. जपानी किटचा हा मोठा फायदा, जपानही आपल्यासारखा रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो. डाव्या स्टिअरिंगचं किट घरात येऊन पडलंच असेल तर डॅशबोर्ड उलटा करावा लागतो, पेडल हलवावी लागतात आणि वायपर उलट दिशेला वळवावे लागतात. वायपर हमखास राहतात.

माझा सल्ला, उलटं करूच नका. गाडी पांढरी रंगवा आणि दारावर, बॉनेटवर काळी यूएन अक्षरं लावा. लेबनॉन, काँगो, दक्षिण सुदान या तिन्ही ठिकाणी शांतिसेनेत भारतीय तुकड्या गेल्यात आणि तिन्हीकडं वाहतूक उजव्या बाजूनं आहे. पांढरी लँड क्रूझर, शेजारी निळ्या टोपीतला आपला जवान, स्टिअरिंग डावीकडंच बरोबर. डाव्या स्टिअरिंगची दोन किटं मी अशीच मार्गी लावली. शिवाय पांढऱ्या गाडीवर लाल माती जेवढी खुलते तेवढी हिरव्यावर नाही.

गोंद धरत नाही

"एक्स्ट्रा थिन लावलं तरी तुकडा निघून येतो." मग ते पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं नेहमीचं प्लॅस्टिक, नाहीच. एक्स्ट्रा थिनसारखं पातळ सिमेंट हे गोंद नसून द्रावक आहे, दोन्ही कडा वितळवून एकजीव करतं. जे वितळत नाही ते जुळत नाही.

खेळण्याचा किंवा डब्याचा प्लॅस्टिकचा तुकडा ओळखायचा सोपा उपाय पाण्याचा ग्लास. साध्या पाण्यात तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. त्याला काहीच नीट चिकटत नाही, स्क्रूनं बांधा नाहीतर सोडून द्या. बुडाला तर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला. आता वर आला तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस. तरी तळाशीच बसला तर बहुधा पीव्हीसी. तुकडा टाकताना बोटानं चोळून बुडबुडे काढा, नाहीतर पीव्हीसीही तरंगतं आणि तुम्ही फसता. वर आलेल्यावर आतल्या बाजूनं सिमेंटचा थेंब टाकून बघायचा. दह्याच्या डब्याखाली त्रिकोणात ६ आकडा असेल तर पॉलिस्टायरीन. असले डबे जमवा, पातळ शीट फुकटात मिळते. जाड शीट हवी तर बोर्ड बनवणाऱ्यांकडं हिप्स शीट विचारा. सनबोर्ड मात्र घेऊ नका, तो फेसाळ असतो आणि कड गुळगुळीत होत नाही.

डायकास्टच्या, म्हणजे ओतीव धातूच्या गाडीच्या, पत्र्याला आणि अनोळखी प्लॅस्टिकला एरलडाइट. काचेजवळ फेव्हिक्विक कधीही नको, त्याची वाफ काचेवर धुकं धरते. काचेला फेव्हिकॉल.

क्रोम आणि वितळलेली रिम

मोटारींच्या किटमध्ये बंपर, रिम चकचकीत येतात. त्यावर रंग मारला की नखानं सोलून येतो. कपड्याचं क्लोरीनवालं ब्लीच वाटीत घ्या, भाग बुडवून ठेवा. चकाकी उतरते. खाली पिवळसर लाखेचा थर राहतो, तो बारीक पॉलिश पेपरनं काढा. खिडकी उघडी ठेवा. आणि संडास धुण्याच्या अ‍ॅसिडजवळ ही वाटी नेऊ नका, दोन्ही मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बाथरूममध्ये हा उद्योग करणारे आहेत म्हणून सांगतो.

दुसरी तक्रार वर्ष-दीड वर्षानं येते: कपाटात ठेवलेल्या गाडीची रिम टायरला चिकटून मऊ झाली. काळ्या मऊ टायरमध्ये प्लॅस्टिसायझर असतो. तो हळूहळू बाहेर पडतो आणि पॉलिस्टायरीनला खातो. रिमवर रंगाचा पक्का थर द्या, आत अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, मगच टायर चढवा. एकदा वितळलेली रिम दुरुस्त होत नाही. रेझिनचे टायर मिळाले तर हा प्रश्नच उरत नाही.

जुलैमधला पांढरा हिरवा

फवारलेला हिरवा रंग वाळल्यावर दुधी दिसतोय? तारीख सांगा, मी कारण सांगतो. अजिंक्यताऱ्यावर ढग बसलेत आणि तुम्ही गॅलरीत लॅकर फवारलंय. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते, रंग पांढुरतो. मारलेला रंग खरवडू नका. कोरडा दिवस बघून रिटार्डर थिनरचा (सावकाश उडणाऱ्या थिनरचा) अगदी हलका फवारा मारा, बहुतेक वेळा ओल निघून रंग परत येतो. पावसाळ्यात कापाकापी करा, रंग ऑक्टोबरला. सप्टेंबरात गणपतीच्या गडबडीत तसंही काही होत नाही.

ऑटो पेंटच्या दुकानातून फौजी हिरवा मॅच करून आणला तर तो थेट प्लॅस्टिकवर मारू नका. त्याचा थिनर तापट असतो, प्लॅस्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. आधी किटचा प्रायमर, मग धुक्यासारखे दोन-तीन थर, मधे वाळू देत. शेवटी मॅट. आणि हिरवा थोडा फिका करा, कारण लहान आकारावर तोच रंग जास्त गडद वाटतो.

नंबर कसा टाकायचा

शेवटची अडचण बारीक आहे, पण तिच्यावरच गाडी ओळखली जाते. फौजी नंबर: आधी वर तोंड केलेला बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, एक अक्षर, मग अनुक्रमांक आणि शेवटी एक अक्षर. काळ्यावर पांढरं. ट्रक करत असाल तर मागचा डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोळा) पांढरा रंगवा आणि तिथं छोटा कॉन्व्हॉय दिवा लावा. रात्रीच्या ताफ्यात मागचा ड्रायव्हर त्याच्याकडं बघून चालवतो. पुढं पिवळ्या गोलात काळा आकडा, पुलाच्या वजनाचा.

मी आधी पोवई नाक्याकडच्या रेडियमवाल्याकडं गेलो. त्याला वाटलं चेष्टा चाललीय. प्लॉटर एवढं बारीक अक्षर कापत नाही, कापलंच तर उचलताना मधला ठिपका सुटून येतो. घरच्या लेझर प्रिंटरची वेगळीच अडचण, त्यात पांढरी शाई नसते. उपाय असा: पांढऱ्या डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या कागदावर) काळा चौकोन छापा आणि अक्षरांच्या जागा कोऱ्या सोडा. म्हणजे अक्षरं कागदाच्याच पांढऱ्यातून दिसतात. इंकजेट असेल तर पाण्यात घालायच्या आधी वार्निशचे दोन हात, नाहीतर काळा वाहून जातो. कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते, ती काळ्या मार्करच्या टोकानं बाजूनं पुसून घ्या, वरून नाही.

बाण कुठल्या बाजूला आहे ते लावताना दोनदा बघा. प्लेट उलटी लागली तर कळावं यासाठीच तो आहे असं मामा म्हणतात. माझी पहिली प्लेट उलटी लागली होती. मामांना ती चष्मा न लावता दिसली.